अप्पांना ओळखीची माणसं पुन्हा कुठं भेटतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अप्पा ७१ वर्षांचे, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. उभी हयात जुन्या सोलापुरात, बाळीवेशीतल्या वाड्यात गेली. वाडा पाडायला गेल्यावर दीड वर्षापूर्वी तुम्ही त्यांना आणि आईला शहराच्या नव्या भागात, जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिलात. लिफ्ट आहे, खोल्या हवेशीर आहेत. अप्पांना त्रास नको म्हणून दूध, भाजी, औषधं सगळं घरपोच केलंत, लाइट बिल तुम्ही पुण्याहून भरता. तरी अप्पा घराबाहेर पडत नाहीत. विचारलं तर ‘इथं ओळखीचं कोण भेटतंय?’ एवढंच म्हणतात. ज्येष्ठांच्या मंडळाची वर्गणी भरलीत, ते दोनदा गेले आणि थांबले. आईचं मात्र बरं चाललंय. तेव्हा अप्पांना न्यायचं कुठं, असं तुम्ही विचारलंय.

मी २६ वर्षं सोलापुरात समाजसेविका म्हणून काम करते. निम्मं काम विडी कामगार बायकांमध्ये, निम्मं वयस्कर माणसांमध्ये. घर बदललं आणि माणूस गप्प झाला, ही तक्रार माझ्याकडे इतक्या घरांतून येते की एकदा नीट बसून लिहायचंच होतं.

पण आधी एक तपासून घ्या. सत्तरीतला माणूस बाहेर पडेनासा होतो तेव्हा पोटातलं कारण मुलाला सांगत नाही. कानाला कमी ऐकू येत असतं आणि चारचौघांत तीनदा ‘काय म्हणालात?’ विचारायची लाज वाटते. गुडघे बोलत असतात. प्रोस्टेटमुळे तासाभरात लघवीला जावं लागतं आणि वाटेत सोय कुठं आहे ते माहीत नसतं. बाळीवेशीत त्यांना प्रत्येक वळणावरची सोय ठाऊक होती. हे विचारताना आईला बाजूला घेऊन विचारा, तिला माहीत असतं. भूक गेली असेल, पहाटे तीनला जाग येत असेल, आवडीच्या गोष्टीतही दोन-तीन आठवडे मन लागत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. ते दुखणं चौकात नेऊन बरं होत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही जागा विचारलीत, मी तुम्हाला वेळ विचारणार आहे. ओळखीची माणसं भेटतात ती बहुतेक दुसऱ्याच कामाला निघालेली असताना. एकाला दूध आणायचं असतं, दुसऱ्याला नातवाला शाळेत सोडायचं असतं. वाट एक असते, घटका एक असते, म्हणून गाठ पडते. रोज पडते म्हणून ओळख होते. यातलं काम काढून घ्या किंवा वेळ हलवा, जागा तशीच राहते आणि माणसं नाहीशी होतात.

सोलापुरात हे समजून घ्यायला लांब जावं लागत नाही. १८७७ मध्ये इथं जुनी मिल सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल. कितीतरी वर्षं या गावाला घड्याळाची गरज नव्हती, भोंगा होता. पाळी सुटली की हजारो माणसं एकाच वेळी दरवाज्याबाहेर पडायची आणि आसपासची हाटेलं, पानपट्ट्या, सायकलची दुकानं त्या वेळेवर जगायची. मी कामाला लागले तोवर गिरण्या थंडावल्या होत्या. बंद गिरणीच्या भिंतीजवळच्या एका हाटेलात एक काका रोज पावणेतीनला येऊन बसायचे. पांढरा पायजमा, खिशात चष्म्याचं घर, चहा बशीत ओतून फुंकत प्यायचे. मी एकदा विचारलं, ‘काका, हीच वेळ का?’ ते म्हणाले, ‘तीनला पहिली पाळी सुटते की.’ गिरणी बंद होऊन वर्षं लोटली होती. पण त्यांच्या साळखात्यातले, म्हणजे मागांवरचे, आणखी चौघे तीनच्या सुमाराला खरोखरच यायचे. एक रिक्षा चालवत होता, एक कुठंसा वॉचमन होता. एकमेकांना फोन करून ठरवणं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. भोंगा बंद पडला तरी तीनची वेळ त्यांच्या अंगात राहिली होती आणि त्या वेळेनं त्यांना वीस-पंचवीस वर्षं एकत्र धरून ठेवलं.

अप्पांच्याही दिवसाला असे तीन-चार भोंगे असणार. ते शोधायचे आहेत.

विडी कामगारांमधली एक गोष्ट सांगते, कारण माझे डोळे तिथं उघडले. आमच्या पूर्व भागातल्या बायका घरी विड्या वळतात आणि कारखान्याच्या ब्रँचवर नेऊन देतात. तिथूनच पुढचं पान, तंबाखू, दोरा घ्यायचा. २००६ मध्ये कुंभारीला विडी कामगारांचं १० हजार घरांचं घरकुल झालं. भाड्याच्या एका खोलीत आयुष्य काढलेल्या बायकांच्या हातात स्वतःच्या दाराची किल्ली आली. तो आनंद मी पाहिलाय. त्यातल्या एका मावशीचं कार्ड मात्र शहरातल्या जुन्याच ब्रँचवर राहिलं होतं. मी तिच्या मागं लागले होते, ‘मावशी, जवळच्या ब्रँचवर बदलून घ्या, जाण्यायेण्याचे पैसे वाचतील, तास वाचेल.’ ती नुसती मान हलवायची.

एका सकाळी तिच्याबरोबर गेले. ब्रँचच्या पायरीवर नंबर लावून बायका बसल्या होत्या, मांडीवर पिशव्या, आत जुड्या मोजायचं काम चाललेलं. पाऊण तासात मी काय काय पाहिलं? एकीनं गेल्या महिन्यात घेतलेले दोनशे रुपये परत केले. एकीनं मावशीचं सुजलेलं बोट दाबून बघितलं आणि कोणत्या दवाखान्यात जायचं ते सांगितलं. एका म्हातारीनं तेलुगूत काहीतरी विचारलं, मावशीनं लाजून हसत उत्तर दिलं. मागाहून कळलं की तिच्या धाकटीसाठी स्थळ निघालं होतं, भिवंडीचं. विड्या कच्च्या निघाल्या म्हणून एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, तर शेजारणीनं काही न बोलता तिची पिशवी उचलून आपल्या जवळ ठेवली. विडीचे पैसे हातात पडले ते वेगळेच. त्या दिवसापासून मी कार्ड बदलायचा विषय काढला नाही. तिचा एक तास ‘वाचवून’ मी तिचं काय काय बुडवणार होते, ते मला दिसलं.

आमच्या संस्थेनं केलेली चूकही सांगते, म्हणजे मंडळ अप्पांना का रुचलं नाही ते कळेल. आम्ही एका वस्तीत ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र काढलं. कॅरम, टीव्ही, दोन वर्तमानपत्रं, संध्याकाळी पाच ते सात. पहिल्या दिवशी चाळीस नावं लागली, चौथ्या महिन्यात सहा माणसं उरली. केंद्रात जायला कुणाला कारणच नव्हतं. ‘मी केंद्रात जातो’ म्हणजे ‘मला घरी कुणी विचारत नाही’ असं गल्लीला सांगण्यासारखं होतं, आणि सोलापूरचा माणूस मानी असतो. मग त्याच खोलीत आम्ही बुधवारी सकाळी रक्तदाब मोजायला सुरुवात केली. माणसं आली, पाच मिनिटांत बीपी मोजून झालं आणि तासभर बसून राहिली. त्यांना यायला निमित्त मिळालं होतं. कॅरमला तेव्हा पहिल्यांदा माणसं बसली.

म्हणून आता मन घट्ट करून हे वाचा: अप्पांची कामं तुम्ही प्रेमापोटी काढून घेतलीत. दूध दारात येतं, भाजी दारात येते, बिल फोनवरून भरलं जातं. जुन्या घरी ह्याच कामांच्या वाटेवर त्यांना माणसं भेटत होती. आईचं बरं का चाललंय ते बघा. तिची दळणाची चक्की तिनं स्वतः शोधली, भिशी लागली, देवळातलं भजन सुरू झालं. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं पाणी सुटायच्या दिवशी सगळ्या मजल्यांवरच्या बायका एकदम जाग्या असतात, जिन्यात बोलतात. तिची कामं तिच्याबरोबर नव्या घरी आली. अप्पांची बाळीवेशीत राहिली.

पुढच्या खेपेला याल तेव्हा एक वही घ्या आणि चहा झाल्यावर अप्पांना विचारा, ‘वाड्यात असताना मंगळवार कसा जायचा? उठल्यापासून सांगा.’ साधा, बिनसणाचा मंगळवार. ‘तुमचे मित्र कोण?’ असं अजिबात विचारू नका. मित्र म्हटलं की दोन नावं सांगतील, त्यातला एक वारलेला असेल, आणि गप्प होतील. वाट विचारली तर माणूस खुलतो. कुठून निघालात, कुठं वळलात, तिथं कोण बसलेलं असायचं, वेळ काय. सगळं लिहून काढा.

एका गृहस्थांबरोबर मी हे केलं तेव्हा एका दिवसात २३ माणसं निघाली. त्यातल्या १४ जणांची नावं त्यांना ठाऊकच नव्हती. ‘तळ्यावरचा मफलरवाला’, ‘मंडईतली केळीवाली’, ‘बँकेच्या पायरीवर बसणारे मास्तर’. घरचे म्हणाले, ही काय ओळख झाली? मी म्हणते, हीच. २०१४ मध्ये गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात याचा अभ्यास केला. लोकांनी दिवसभरात कुणाकुणाशी बोलणं झालं ते मोजलं. ज्या दिवशी नुसत्या तोंडओळखीच्या माणसांशी एरवीपेक्षा जास्त बोलणं झालं, त्या दिवशी त्यांना जास्त आनंदी आणि आपण कुणाचे तरी आहोत असं वाटलं. अप्पांचं जे हरवलंय ते बहुतेक हेच आहे. जिवाभावाचा मित्र फोनवर मिळतो. मफलरवाला फोनवर मिळत नाही, त्याचा नंबर कुणाकडेच नसतो.

यात भाषेचाही भाग आहे. बाळीवेशीतला माणूस फुलवालीशी कानडीत बोलतो, शिंप्याशी तेलुगूत दोन शब्द टाकतो, पानवाल्याशी दखनीत. चार भाषांत ‘जेवण झालं का?’ विचारणाऱ्या माणसाला बंद दाराच्या फ्लॅटमध्ये एकाही भाषेत कुणी विचारत नाही. त्यांचा घसा बसल्यासारखं त्यांना वाटत असेल तर त्यात नवल नाही.

कागद तयार झाला की त्यातलं काय जुन्या गावात ठेवायचं आणि काय नव्या घरी आणायचं ते वेगळं करा.

जुन्या गावात आठवड्यातून दोनच दिवस, पण ठरलेले. अप्पा सिद्धेश्वर मंदिरात जाणारे असतील तर सोमवार घ्या, आणि दुसरा दिवस मंगळवार नको, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. एक ओळखीचा रिक्षावाला बांधून द्या किंवा सात रस्त्यापर्यंत शेअर रिक्षा. वेळ कागदात जी असेल तीच. सकाळी सहाला सिद्धेश्वर तळ्यावर जाणारा माणूस नऊला गेला तर त्याला तळं भेटेल, माणसं भेटणार नाहीत. दाढी-कटिंग जुन्याच कारागिराकडे ठेवा, ते फार महत्त्वाचं आहे. केस कापणाऱ्याकडे सगळ्या पेठेची खबर असते आणि तिथं बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. पेपर वाचायची सवय असेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन वाचू देत. येताना लक्ष्मी मंडईतून भाजी आणायचं काम त्यांच्याकडेच द्या. आणलेली भाजी आईला आवडली नाही तरी चालेल.

पेन्शनचं खातं जवळच्या शाखेत हलवू नका. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जुन्या शाखेतच पाठवा. २०१४ पासून जीवन प्रमाणमुळं हे घरबसल्या, बोटाच्या ठशावर होतं. अंथरुणावरच्या माणसाला ती मोठीच सोय आहे. पण चालत्याफिरत्या पेन्शनराला नोव्हेंबरातली बँकेची रांग म्हणजे खात्यातल्या माणसांचं वार्षिक संमेलन असतं. कोण आहे, कोण गेलं, कुणाची मुलगी कुठं दिली, सगळं त्या रांगेत कळतं.

एका गोष्टीची तयारी ठेवा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत त्यांना वाईट बातम्या मिळतील. वाड्याच्या जागी पत्रे उभे असतील. घरी येऊन म्हणतील, ‘आता तिथं काही राहिलं नाही, परत जाणार नाही.’ तेव्हा वाद घालू नका, पुढच्या ठरलेल्या दिवशी रिक्षा मात्र दारात उभी करा. माझ्या अनुभवात चौथ्या-पाचव्या फेरीला माणूस उरलेल्यांची नावं घ्यायला लागतो.

नव्या घराचं काम जास्त चिकाटीचं आहे. अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत होती. तिथं कोणाची कोणाशी मैत्री झाली याचा अभ्यास फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी १९५० मध्ये मांडला. एकाच मजल्यावर लागून असलेल्या दारांतल्या ४१ टक्के लोकांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटलं, मध्ये एक दार सोडून २२ टक्के, मजल्याच्या दोन टोकांना जेमतेम १० टक्के. अंतर काही पावलांचंच होतं. आणि जिन्याच्या तळाशी, टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरही झाल्या, कारण सगळे त्यांच्या दारावरूनच जायचे. स्वभाव बाजूला ठेवून नुसत्या वाटेनं एवढं केलं होतं.

अप्पा तिसऱ्या मजल्यावर आहेत, टपालपेटीजवळ नाहीत. तेव्हा त्यांना दिवसातून थोडा वेळ टपालपेटीजवळ आणा. पेपरवाल्याला सांगा, पेपर दारात टाकू नको, खाली गेटवर ठेव. अप्पा सात वाजता पेपर घ्यायला उतरतील. वॉचमनजवळ सावलीला एक खुर्ची ठेवायची परवानगी सोसायटीकडून घ्या, पेपर तिथंच वाचून होईल. शाळेची रिक्षा, कामावर जाणारी माणसं, दूधवाला, सगळे तासाभरात समोरून जातात. दूध घरपोच बंद करा, पिशवी त्यांना आणू द्या, एकाच दुकानातून, एकाच वेळी. आठ दिवस दुकान बदलत राहिलं तर काही होत नाही.

संध्याकाळी संभाजी तलाव किंवा स्मृतिवनाकडे फेरी मारायला जाणार असतील तर माझी एक युक्ती वापरा: गर्दी ज्या दिशेनं फिरते त्याच्या उलट फिरायचं. बरोबर चाललात तर तासभर त्याच चार पाठी दिसतात. उलट चाललात तर प्रत्येक फेरीत प्रत्येक चेहरा समोरून येतो. पंधरा दिवसांत लोक मान हलवायला लागतात, महिन्यात कुणीतरी थांबून विचारतं, ‘काका, काल दिसला नाहीत?’ त्या एका वाक्यासाठी आपण हे सगळं करतोय. उन्हाळ्यात वेळ सगळ्यांचीच सरकते, चाळिशी पार केलेल्या पाऱ्यात सहाला कुणी बाहेर पडत नाही, तेव्हा चार दिवस बघून अप्पांचीही वेळ सरकवा.

तुम्ही दोन गोष्टी टाळा. त्यांच्याबरोबर जाऊन ‘हे माझे वडील, यांच्याशी बोलत जा’ असं कुणाला सांगू नका, माणूस जागच्या जागी लहान होतो. आणि फोन करायची तुमची वेळ त्यांच्या बाहेर असायच्या वेळेवर येऊ देऊ नका. मुलाचा फोन येणार म्हणून सात वाजता घरात बसून राहिलेले किती तरी बाप मी पाहिलेत.

तीन महिने धरून चाला. पहिला महिना काही घडलं नाही असंच वाटेल.

आणि जानेवारीत रजा काढा. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, आपलं गाव पुन्हा एका घड्याळावर येतं. नंदीध्वजांच्या उंच काठ्या मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातून निघतात, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, भोगीला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडतात, संक्रांतीला होम. पुण्या-मुंबईला, हैदराबादला गेलेली माणसं त्या चार दिवसांत परततात. बाहेरच्याला ती लाखोंची गर्दी वाटते, पण बाळीवेशीतल्या घरांच्या उभं राहायच्या जागा पिढ्यान्पिढ्या ठरलेल्या असतात. अमुक दुकानाची पायरी, तमुक ओटा. अक्षतांच्या दिवशी अप्पांना पांढरे कपडे घालायला लावा, तासभर आधी निघा, आणि कुठं उभं राहायचं ते त्यांनाच ठरवू द्या. तुम्ही त्यांच्या मागं, दोन पावलं लांब उभे राहा.